एका गांवाचा ग्रामीण विभाग

इंग्लंडांत काउंटीच्या खालचा खेड्यांचा कारभार १८९४ पासून १९७४ पर्यंत ‘रूरल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे ग्रामीण विभागांकडे होता. त्यांपैकीं चेशायर काउंटीच्या ईशान्य टोंकाचा टिंट्विसल हा अगदींच चिमुकला. नांव लिहावयास असें अवघड. गांवकरी मात्र ‘टिन्सल’ म्हणून मोकळे होतात!

त्याचा जन्म एका विसंगतींतून झाला. १८३४ च्या कायद्यानें गरिबांच्या पोषणासाठीं अनेक पॅरिशांचे, म्हणजे ग्रामघटकांचे, संघ बनविले. ते आंखतांना काउंटीची हद्द फारशी पाहिली गेली नाहीं. १८७२ मध्यें खेड्यांचें आरोग्य, गटारें व पाणी यांची जबाबदारी याच संघांवर पडली. १८९४ च्या कायद्यानें तेथें लोकनियुक्त मंडळें आणलीं. विवाहित स्त्रियांनाही या निवडणुकींत उभें राहतां येऊं लागलें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. परंतु आतां काउंटीची हद्द पाळणें आलें. ॲश्टन-अंडर-लाइनचा संघ लँकेशायर व चेशायर या दोहोंत पसरलेला. म्हणून त्याच्या चेशायरमधील तुकड्याचा, टिंट्विसल, हॅटर्स्ली व मॅटली या तीन पॅरिशांचा, निराळा विभाग करावा लागला.

१९३६ मध्यें हॅटर्स्ली व मॅटली शेजारच्या नागरी हद्दींत गेलीं. उरली एकच पॅरिश: एक गांव आणि त्यामागें पसरलेला ओसाड डोंगरमाथा. तरीही विभागाचें नांव व अधिकार कायम राहिले.

या हद्दींतील सर्वांत मोठी वस्तु मात्र मंडळाची नव्हतीच. लॉंगडेंडेलच्या खोऱ्यांत एथरो नदीवर इंजिनियर जॉन फ्रेडरिक बेटमन यांनीं १८४८ ते १८७७ या काळांत तलावांची माळ बांधली, ती मँचेस्टर शहराच्या पाण्यासाठीं. एथरो हीच चेशायर व डर्बीशायर यांमधील सीमा. त्यामुळें दोन काउंट्यांची हद्द तलावांच्या पाण्याखालून जाऊं लागली. डोंगरावर पडणारा पाऊस गांवाचा, त्याची मालकी शहराची, असा हा प्रकार होता.

१९७२ च्या कायद्यान्वयें १ एप्रिल १९७४ रोजीं इंग्लंडमधील सर्व ग्रामीण विभाग रद्द झाले. हाइड, स्टेलीब्रिज वगैरे शेजारी ग्रेटर मँचेस्टरमध्यें गेले. टिंट्विसल त्यांच्याबरोबर गेलें नाहीं. नदीपलीकडच्या डर्बीशायरांत, हाय पीक विभागांत, त्याचा समावेश झाला. तेव्हांपासून तलावांचे दोन्ही कांठ एकाच काउंटींत आहेत.