हातोहात पोचलेला 'डिफेंडर'

शिकागोतल्या स्टेट स्ट्रीटवरचं एक घर. त्यात पत्ते खेळायचं घडीचं टेबल आणि स्वयंपाकघरातून मागून आणलेली खुर्ची. 5 मे 1905 रोजी रॉबर्ट अ‍ॅबट यांनी 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा पहिला अंक काढला तो एवढ्या सामानावर. भांडवल 25 सेंट, प्रती 300. अंक लिहायचे तेच आणि दारोदार फिरून विकायचेही तेच. घरमालकीण हेन्रिएटा ली यांनी भाड्याचा तगादा लावला नाही, वर जेवूही घातलं. पुढे पैसा आल्यावर अ‍ॅबटनी त्यांना घर घेऊन दिलं.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं वृत्तपत्र, 'फ्रीडम्स जर्नल', न्यूयॉर्कमध्ये 1827 मध्येच निघालं होतं. 'डिफेंडर'ने या परंपरेला दूरवरचा वाचक मिळवून दिला. दक्षिणेत झुंडी कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारत, त्या बातम्या 'डिफेंडर' पहिल्या पानावर ठळक मथळ्यांत छापी. त्यामुळे कित्येक गावांत हा अंक जवळ सापडणंही धोक्याचं होतं. तरी तो पोचायचा. शिकागोहून सुटणाऱ्या पुलमन रेल्वेगाड्यांमधले कृष्णवर्णीय पोर्टर गठ्ठे लपवून नेत आणि ठरल्या ठिकाणी उतरवत. तिथून तो सलूनमध्ये, चर्चमध्ये जाई. एकजण मोठ्याने वाची, बाकीचे कान देऊन ऐकत. घडीवर फाटेपर्यंत तोच अंक या घरातून त्या घरात फिरे.

पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले आणि उत्तरेतल्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. 'डिफेंडर'ने वाचकांना साद घातली: उत्तरेला या. नोकऱ्यांच्या जाहिराती छापल्या, गाड्यांची वेळापत्रकंही दिली. 15 मे 1917 हा तर निघण्याचा दिवसच जाहीर केला. 'मला काम मिळेल का, तिकिटाचं काही करता येईल का,' अशा अर्थाची पत्रं दक्षिणेतून कचेरीत येऊ लागली. 1910 मध्ये शिकागोत सुमारे 44 हजार कृष्णवर्णीय राहत होते. 1920 मध्ये ते 1 लाख 9 हजारांवर गेले. हे सारं एका वृत्तपत्राने घडवलं नाही. पण घर सोडायला जो धीर लागतो, तो या वृत्तपत्राने दिला.

अ‍ॅबट 1940 मध्ये गेले. पुतणे जॉन सेंगस्टॅक यांनी धुरा घेतली आणि 1956 मध्ये साप्ताहिकाचं दैनिक केलं. लँग्स्टन ह्यूजसारख्या कवीने इथे वर्षानुवर्षं स्तंभ लिहिला. पुढे जाहिराती आटल्या, वाचक पांगले. 10 जुलै 2019 रोजी शेवटचा छापील अंक निघाला. त्यानंतर 'डिफेंडर' फक्त इंटरनेटवर उरला.

अंक विकणाऱ्या पोरांचं कौतुक व्हावं म्हणून अ‍ॅबटनी 1929 मध्ये 'बड बिलिकेन' मिरवणूक सुरू केली होती. छापखाना थांबला, पण ती मिरवणूक आजही शिकागोत ऑगस्टमध्ये निघते. ज्या हातांनी हे वृत्तपत्र घरोघरी पोचवलं, त्या हातांचा तो मान आहे.