डोंगरातल्या जीपला हँडब्रेक कशाला?

जीप घेऊन डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्या मंडळींमध्ये एक वाद नेहमी रंगतो. एकजण म्हणतो, "माझ्या जीपचा हँडब्रेक कधीपासून बंद आहे. काही अडलं का माझं? गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, चाकाला दगड लावायचा, की झालं!" त्यावर दुसरा डोळे वटारतो. "बाबा रे, सपाट रस्त्यावर एक वेळ चालेल. पण डोंगरात? मी तर तुझ्या गाडीत बसणारच नाही!"

तुम्ही कोणाच्या बाजूनं? थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आधी दोघांचंही ऐकून घेऊ. कारण पहिला माणूस अगदीच वेडा नाही बरं का!

पहिल्याचं म्हणणं

साध्या मोटारीत हँडब्रेक कसा असतो? दोन सीटच्या मध्ये एक दांडा असतो. तो वर ओढला की 'कट् कट् कट्' असा आवाज येतो. दांड्याच्या तळाशी खाचा असलेली पट्टी असते आणि तिच्यात एक छोटी खिट्टी अडकत जाते, त्याचा तो आवाज. दांड्याला जोडलेली तार मागच्या चाकांपर्यंत जाते आणि तिथले ब्रेक आवळते.

आता ही तार गाडीच्या पोटाखालून जाते. चिखल, ओढ्याचं पाणी, धूळ, सगळं तिच्या वाट्याला येतं. पावसाळ्यात ती तिच्या आवरणातच गंजते. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ती तशीच आठवडाभर उभी ठेवली, तर ब्रेक चिकटून बसतात आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून पहिला माणूस म्हणतो, "हे लोढणं हवंच कशाला? सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवली की ती जाते कुठे?"

सपाट जागी हे बरचसं खरं आहे. पण जीप डोंगरात कशासाठी नेतात? सपाट जागा शोधायला नक्कीच नाही!

उतार किती जोरानं ओढतो?

थोडं गणित करू या. पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर चढायचं, असा एक चढ धरा. याला वीस टक्के चढ म्हणतात. घाटातल्या चांगल्या डांबरी रस्त्यावर इतका उभा चढ सहसा नसतो, पण गडाच्या पायथ्याकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर तो सहज भेटतो.

या चढावर माणसं आणि सामान धरून १५०० किलोची जीप उभी आहे. तिला खाली ओढणारा जोर किती? जवळजवळ ३०० किलो वजनाइतका! म्हणजे सिमेंटची सहा पोती दोरीला बांधून विहिरीत सोडली आणि दोरीचं दुसरं टोक जीपला बांधलं, तर जीप जेवढी ओढली जाईल तेवढा. आणि हा जोर दमत नाही. तो दिवसरात्र ओढतच राहतो.

समजा, जीप सुटली. दहा मीटर खाली यायला तिला साडेतीन सेकंदसुद्धा पुरतात आणि तोवर तिचा वेग ताशी वीस किलोमीटर झालेला असतो. साडेतीन सेकंदांत काय होतं? "अरे, गाडी सुटली!" असं ओरडून होतं, तेवढंच.

दोन पाय आणि चार कामं

आता जरा जीपच्या जन्माकडे जाऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्धानंतर महिंद्र कंपनीनं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि ही गाडी आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. सरकारी साहेबांपासून वडापवाल्यांपर्यंत सगळ्यांची ती लाडकी झाली.

त्या युद्धातल्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायांना कामं किती होती, मोजा. क्लच एक, ब्रेक दोन, ॲक्सिलरेटर तीन. आणि इंजिन सुरू करायचं बटणही पायानंच दाबायचं, ते चौथं! आता चढावर मध्येच इंजिन बंद पडलं, तर? एक पाय क्लचवर हवा, एक ब्रेकवर हवा, एक स्टार्टरवर आणि इंजिन सुरू होताच एक ॲक्सिलरेटरवर. माणसाला पाय दोनच! अशा वेळी हँडब्रेक ड्रायव्हरचा तिसरा पाय होतो. तो गाडीला धरून ठेवतो, तोवर ड्रायव्हर बाकीची कामं उरकतो. नव्या गाड्यांत स्टार्टर हातानं चालतो, तरी पेडल तीन आणि पाय दोन हा हिशेब बहुतेक जीपमध्ये तसाच आहे.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. पायाचा ब्रेक नळीतल्या तेलाच्या दाबावर चालतो. जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला तेल एकाच ठिकाणाहून जायचं. एखाद्या दगडानं नळी फुटली की तेल गळून चारही ब्रेक एकदम गेले! हँडब्रेकचं मात्र तेलावाचून काही अडत नाही. तो तारेवर किंवा दांडीवर चालतो. म्हणून तो नुसता 'गाडी उभी करायचा ब्रेक' नाही, तर पहिला ब्रेक दगा देतो तेव्हाचा दुसरा ब्रेक आहे. आणि खालून दगड लागून नळी फुटायची भीती जास्त कुठे? डांबरी रस्त्यावर की ओढ्यातल्या दगडगोट्यांत?

गिअर कसा दगा देतो?

"पण गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिनच चाकं धरून ठेवतं ना?" बरोबर. चाक फिरायचं तर इंजिनही फिरायला हवं. इंजिनमधली कोंडलेली हवा दट्ट्याला सहजासहजी हलू देत नाही. युद्धातल्या जीपमध्ये सगळ्यात जोरकस गिअर टाकला, तर चाक एकदा फिरायला इंजिनला सुमारे पंचवीस फेरे मारावे लागतात. म्हणजे पकड घट्टच की!

पण इथे दोन भानगडी आहेत. इंजिन जुनं असेल तर कोंडलेली हवा दट्ट्याच्या कडेनं हळूहळू निसटते. मग गाडी 'ठक्' करून थोडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. आपण चहा पीत बसलेले असतो आणि जीप आपल्याला न सांगता निघालेली असते!

दुसरी भानगड खास जीपचीच. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी एक पेटी असते, तिचा हा दांडा. बऱ्याच गाड्यांत या दांड्यालाही 'न्यूट्रल' असतं. तो चुकून न्यूट्रलमध्ये राहिला, तर मुख्य गिअर पहिल्यात टाकलेला असला तरी इंजिनचा चाकांशी संबंधच उरत नाही. ड्रायव्हरला वाटतं गाडी गिअरमध्ये आहे, आणि गाडी असते मोकळी! साध्या मोटारीत ही चूक होऊच शकत नाही, कारण तिला हा दांडाच नसतो. म्हणजे नुसत्या गिअरवर विसंबण्याचा धोका मोटारीपेक्षा जीपला जास्त.

गाडीच्या मधोमध बसलेला ब्रेक

ही अडचण जुन्या इंजिनीअरांना माहीत होती. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. युद्धातल्या जीपमध्ये आणि १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेल्या लँडरोव्हरमध्ये त्यांनी हँडब्रेक चाकांजवळ बसवलाच नाही. तो बसवला त्या पेटीच्या मागे, चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर. लँडरोव्हरच्या त्या घराण्यातली शेवटची डिफेंडर २०१६ च्या जानेवारीत कारखान्यातून बाहेर पडली, तोवर ही पद्धत टिकून होती.

यात फायदा काय? एक तर ब्रेक चिखलापासून थोडा उंच राहतो. दुसरं म्हणजे चाक एकदा फिरतं, तेव्हा हा दांडा चार-पाच वेळा फिरतो. त्यामुळे दांडा अडवायला लावलेला जोर चाकांपर्यंत पोचेतो चार-पाच पट होतो. छोटासा ब्रेक, पण पकड पैलवानाची! आणि तो पेटीच्या पुढच्या बाजूला, चाकांकडे असल्यानं छोटा दांडा न्यूट्रलमध्ये राहिला तरी हा ब्रेक चाकांना धरूनच ठेवतो.

पण हँडब्रेक म्हणजे देव नव्हे

आता दुसऱ्या माणसानंही फार मिशीला पीळ देऊ नये! या मधल्या ब्रेकची एक खोड आहे. पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललं, की उचललेलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं. दांडा जागच्या जागी घट्ट, तरी गाडी जॅकवरून घसरू शकते! म्हणून अशा गाडीत जॅक लावण्याआधी जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावायलाच हवेत.

शिवाय पेटीतून तेल गळून या ब्रेकवर आलं, की पकड गेलीच. आणि ओल्या चिखलात किंवा सुट्या मुरमावर चाकं अगदी घट्ट धरली, तरी टायरसकट अख्खी गाडी घसरू शकते. तिथे ब्रेक चांगला असूनही उपयोग नाही, जागाच बदलायला हवी.

मग पहिला माणूस दगड लावतो, ते चूक का? मुळीच नाही! चूक एवढीच की तो 'फक्त' दगड लावतो. शिवाय दगड लावायला कोणीतरी खाली उतरणार, चाकाजवळ वाकणार. तोवर गाडी धरून ठेवायला हँडब्रेक नको का?

कॅलिफोर्नियातली एक दुःखद घटना

१९ जून २०१६ ची गोष्ट. 'स्टार ट्रेक' चित्रपटांत काम करणारा अँटन येल्चिन हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा नट लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या उतरत्या वाटेवर गाडीतून उतरला. त्याची जीप ग्रँड चेरोकी मागे घसरत आली आणि फाटकाच्या खांबाशी चिरडून त्याचा मृत्यू झाला. गाडी न्यूट्रलमध्ये होती.

या प्रकारच्या गाडीत गिअरचा दांडा इलेक्ट्रॉनिक होता. तो ढकलला की पुन्हा मधल्या जागी येई, त्यामुळे गाडी खरंच 'पार्क'मध्ये गेली की नाही ते चालकाच्या हाताला कळत नसे. दोनच महिने आधी, एप्रिल २०१६ मध्ये, कंपनीनं अशा सुमारे अकरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. नंतर त्यांत अशी सोय केली गेली, की चालक दार उघडून उतरू लागला तर गाडी आपोआप 'पार्क'मध्ये जावी. गिअरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे या घटनेनं साऱ्या जगाला दाखवलं.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जीपसारख्या गाडीला एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक लागतात, एक पायाचा आणि एक पार्किंगचा. १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो, की ड्रायव्हरच्या जागेवर लायसन्सवाला माणूस नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा गाडी आपोआप निघणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असावी. "पण आम्ही तर रस्ता सोडून जातो!" ही पळवाटही चालत नाही. लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा कायद्याच्या भाषेत सार्वजनिकच, मग तिथे रस्ता असो वा नसो. शिवाय डोंगराच्या पायथ्यापर्यंत जीप रस्त्यावरूनच येते ना?

तर मग, तुम्ही काय करायचं?

आई-बाबांसाठी आधी एक सोपी तपासणी. हलक्या उतारावर, पुढेमागे कोणी नसताना, पायाचा ब्रेक दाबून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. हँडब्रेक ओढा आणि पाय अलगद उचला, पण पेडलवरच तयार ठेवा. गाडी सरकली किंवा दांडा पूर्वीपेक्षा बराच वर येऊ लागला, तर गाडी मेकॅनिककडे न्या. आणि डोंगरात थांबताना तिन्ही गोष्टी करा : हँडब्रेक ओढा, गिअर टाका, चाकाला दगड लावा. एकानं दगा दिला तर दुसरा आहे.

आता तुमच्यासाठी. उतारावर उभ्या गाडीच्या मागे किंवा पुढे खेळायचं नाही, बसायचं नाही. आत मोठं माणूस नसताना गिअरशी, हँडब्रेकशी खेळायचं नाही. एक बोट लावलं की ३०० किलोचा जोर मोकळा होतो, हे आठवा. आणि गाडी सुटलीच, तर ती हातानं अडवायला कधीही धावू नका. शूर माणसालाही ते जमत नाही. तिच्या वाटेतून बाजूला पळा आणि ओरडून इतरांना पळवा. गाडी पुन्हा घेता येते.

पुढच्या सहलीत ड्रायव्हरकाका गाडी थांबवून उतरले, की कान देऊन ऐका. 'कट् कट् कट्' आवाज आला का? नसेल आला, तर लाजू नका, सरळ विचारा, "काका, हँडब्रेक लावलात ना?" नव्या गाडीत कदाचित आवाज येणार नाही, कारण तिथे दांड्याच्या जागी बटण असतं. मग ते बटण दाखवायला सांगा. चांगला ड्रायव्हर रागावणार नाही.