टू-स्ट्रोक एंड्युरो : किमतीआधी तासांचा हिशेब

कोकणातील आपले पुष्कळ तरुण नोकरी-धंद्यानिमित्त मस्कत, दुबई, कुवेत येथे स्थायिक आहेत. थंडीच्या मोसमात साप्ताहिक सुटीच्या दिवशी फजरची नमाज पढून निघायचे, वाळूत किंवा डोंगरातल्या कोरड्या वाद्यांत मोटारसायकल चालवायची आणि ऊन चढण्याआधी घरी परतायचे, हा शौक तिकडे अनेकांना लागतो. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, ऑस्ट्रियाची केटीएम घ्यावी, की इटलीची बीटा, की स्पेनची गॅस गॅस? आमच्या मते हा प्रश्न शेवटचा आहे. आधी विचारावयाचे ते असे की ही गाडी किती तास चालणार, आणि तिचे सुटे भाग कोणाच्या दुकानात मिळणार. या दोन गोष्टींचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याने कोणतीही घेतली तरी वर्षभरात ती भिंतीला टेकून उभी राहते.

एंड्युरो म्हणजे दगड-चिखल-चढणीतून दूरचा पल्ला गाठण्याची शर्यत. तिची जुनी परंपरा युरोपातली. 1913 साली इंग्लंडमध्ये कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली. 1981 पासून तिच्या नावात ‘एंड्युरो’ हा शब्द आला. ऑस्ट्रियातील आयझनएर्त्स येथील लोखंडाच्या खाणीवर 1995 पासून होणाऱ्या एर्झबर्ग शर्यतीत अंतिम फेरीला 500 गाड्या सुटतात आणि पुष्कळ वर्षी वेळेत पोचणारे हाताच्या बोटांवर मोजता येतात. अशा ठिकाणी टू-स्ट्रोक गाडी का टिकून राहिली, हे समजले म्हणजे तिचा खर्चही समजतो.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा. टू-स्ट्रोकच्या माथ्यावर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंगची साखळी नाही. म्हणून इंजिन हलके. 300 वर्गातील केटीएम पेट्रोलशिवाय साधारण 100 ते 105 किलोची असते. चढणीवर गाडी अंगावर पडली तर ती उचलणारे आपणच असतो, तेव्हा दहा किलोचा फरक काय असतो ते कळते. शिवाय वंगण पेट्रोलमधूनच जात असल्याने गाडी क्षणभर उलटी पडली तरी खालच्या टाकीतले ऑइल भलतीकडे गेले असे होत नाही. गिअरबॉक्सला मात्र वेगळे ऑइल लागते, पाऊण लिटरच्या थोडे वर.

किलोमीटर नव्हे, तास

आपल्याकडची रोजची मोटारसायकल किलोमीटरवर मोजली जाते. एंड्युरोच्या पुस्तिकेत सर्व हिशेब तासांचा असतो. हॅण्डलजवळ तास मोजणारे लहान यंत्र असते आणि गाडीचे खरे वय तेच.

एक साधा हिशेब मांडू. आखातात ऑक्टोबर ते एप्रिल असे सुमारे 30 आठवडे गाडी चालवता येते. दर आठवड्याला 4 तास धरले तर मोसमात 120 तास होतात. ताशी सरासरी 25 किलोमीटर धरली तर हे अवघे 3,000 किलोमीटर. रोजच्या प्रवासी गाडीला एवढ्यात एखादी ऑइल बदली लागेल. इथे मात्र अनेक मालक 80 ते 100 तासांच्या दरम्यान पिस्टन आणि रिंगा बदलतात. गिअर ऑइल 20 तासांनी धरले तर मोसमात 6 वेळा. एअर फिल्टर प्रत्येक फेरीनंतर धुवायचा, वाळवायचा आणि त्याला फिल्टरचे चिकट तेल लावायचे. वाळूत हा फिल्टर चुकला तर पिस्टनचे 80 तास 20 वर येतात. त्यावर टायर, साखळी-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लचच्या प्लेटा.

यात घाबरण्याचे कारण नाही, उलट टू-स्ट्रोकची खरी बाजू हीच आहे. सिलिंडर काढून पिस्टन बदलणे हे ज्याने एकेकाळी राजदूत, येझदी किंवा आरएक्स 100 खोलली आहे त्या मिस्त्रीला नवीन नाही. फोर-स्ट्रोक शर्यती गाडीत हेच काम व्हॉल्व्ह, कॅम आणि टायमिंगसकट येते. दुर्लक्ष झाले तर एका तुटलेल्या व्हॉल्व्हने अख्खे इंजिन जाते. टू-स्ट्रोक वारंवार पण थोडे मागते.

एक फरक मात्र आपल्या मिस्त्रींनी ध्यानात ठेवावा. आरएक्स 100 चे सिलिंडर घासले की बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. या युरोपीय गाड्यांच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा असतो. तो लेथवर नेऊन बोअर करायचा नसतो. मुलामा खरवडला तर नवा चढवून घ्यावा लागतो, नाहीतर नवे सिलिंडर. केटीएमचा पिस्टन दोन अगदी जवळच्या मापांत मिळतो आणि सिलिंडर मोजूनच तो निवडायचा असतो. अंदाजाने बसवलेला पिस्टन पहिल्याच लांब चढणीवर धरतो.

ऑइल आणि कार्बोरेटर

जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटर गाडीत ऑइल पेट्रोलमध्ये हाताने मिसळायचे. केटीएमच्या 250 व 300 साठी 60 ला 1 हे प्रमाण सांगितले जात असे. म्हणजे 6 लिटर पेट्रोलला 100 मिलिलिटर. पुष्कळ चालक 40 ला 1 ठेवतात, म्हणजे 150 मिलिलिटर. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जास्त ऑइल घातले की मिश्रण ‘दाट’ होते असे समजतात. ऑइल जास्त म्हणजे त्याच जेटमधून पेट्रोल कमी, म्हणजे जळणाच्या हिशेबाने मिश्रण उलट पातळ झाले. ऑइलचे प्रमाण बदलले तर जेटही तपासावा.

उन्हाळी हवा विरळ असते, म्हणून युरोपच्या थंडीत बसवलेला मेन जेट आखातात मोठा पडतो; गाडी धूर ओकते, प्लग काळा होतो. जेट बारीक करणे बरोबर. पण वाळूत थ्रॉटल बराच वेळ पूर्ण उघडा राहतो, म्हणून फार बारीक केला तर इंजिन तापून पिस्टन धरतो. एकेक माप खाली यावे आणि दर वेळी प्लगचा रंग पाहावा.

केटीएमने 2018 च्या मॉडेलपासून 250 व 300 एंड्युरोला इंधन-इंजेक्शन दिले. आधी ते सिलिंडरच्या बाजूच्या मार्गांतून होते आणि 2024 च्या मॉडेलपासून ते थ्रॉटल बॉडीत आले. ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने जाते, जेट बदलण्याची कटकट नाही, पेट्रोलही कमी लागते. मात्र सेन्सर बिघडला तर पाना उपयोगी नाही, संगणक लागतो. इटलीच्या बीटाने आपल्या आरआर गाड्यांत कार्बोरेटर बराच काळ ठेवला आणि केवळ ऑइलचा पंप जोडला. शहरात चांगला अधिकृत दुकानदार असेल तर इंजेक्शन घ्यावे. गावाकडचा मिस्त्रीच आधार असेल तर कार्बोरेटर बरा, असे आमचे मत आहे.

किती सीसीची घ्यावी, याबाबत लोक उलट्या बाजूने घाबरतात. 125 लहान म्हणून सोपी वाटते. खरे तर तिला सतत वरच्या फेऱ्यांवर ठेवावे लागते, गिअर क्षणाक्षणाला बदलावे लागतात. नवख्याचा हात तिथे थकतो. 300 मध्ये (प्रत्यक्षात 293 सीसी, 72 मिलिमीटर बोअर आणि तितकाच स्ट्रोक) खालूनच ओढ असते, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने चढते. पण घाबरून मूठ आवळली तर तीच गाडी हातातून सुटून पुढे जाते. मध्यम उंचीच्या, शिकत असलेल्या माणसाला 250 पुरे. सीटची उंची 95 सेंटिमीटरच्या पुढे असते. दुकानात बूट घालून बसून पाहावे, केवळ छायाचित्र पाहून पैसे भरू नयेत.

कंपनीची तब्येत

आता कोणाची घ्यावी. येथे व्यापाराच्या पानाला साजेशी एक गोष्ट आहे, आणि तिचे एक टोक पुण्यात आहे. केटीएम ही मत्तिगहोफेन गावची कंपनी 1991 साली एकदा बुडाली आणि पुन्हा उभी राहिली. 2007 मध्ये बजाज ऑटोने तिचा साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, पुढे तो वाढवत नेला, आणि चाकणच्या कारखान्यात ड्यूक गाड्या होऊ लागल्या. हुस्कवार्ना (मूळची स्वीडनची) आणि गॅस गॅस ही नावेही याच घराण्यात आली. त्यामुळे अलीकडच्या वर्षांत तिन्ही नावांखाली इंजिन बहुतेक एकच असते. फरक मागच्या शॉकच्या जोडणीत, रंगात आणि किमतीत.

नोव्हेंबर 2024 मध्ये न विकलेल्या गाड्यांचे ढीग आणि कर्ज यांमुळे केटीएमला न्यायालयात जावे लागले. कारखाना बंद पडला. फेब्रुवारी 2025 मध्ये देणेकऱ्यांनी आपल्या रकमेचे 30 टक्के घेऊन तडजोड मान्य केली. पैसा उभा करणारी मुख्य बाजू बजाजची होती आणि 2025 अखेर कंपनीचा ताबा तिच्याकडे आला. मोठ्या नावाची गाडीसुद्धा कर्जावर उभी असू शकते, हे त्या काळात पैसे भरून बसलेल्या ग्राहकांनी अनुभवले. गॅस गॅस तर त्याआधी 2015 मध्येही अडचणीत आली होती. बीटा आणि फ्रान्सची शेर्को या लहान कंपन्या. शेर्कोचा आपल्याकडील टीव्हीएसशी डकार शर्यतीपुरता जुना संबंध आहे. चांगल्या गाड्या आहेत, पण तुमच्या शहरात त्यांचा दुकानदार नसेल तर क्लचच्या एका लिव्हरसाठी पार्सलची वाट पाहावी लागते. आम्ही तर म्हणू, खरेदीच्या दिवशी दुकानदाराला पिस्टन किट, क्लच प्लेटा आणि वॉटर पंपचे सील मागून पाहा. कपाटातून काढून दिले तर ठीक. ‘मागवून देऊ’ म्हणाला तर दुसरे दुकान बघा.

युरोपात नव्या गाडीला दहा ते बारा हजार युरो पडतात. एवढी रक्कम व्याजाच्या हप्त्यावर काढून हौस करणे आम्हाला पटत नाही. मुराबहा पद्धतीने, बँकेने गाडी स्वतः विकत घेऊन ठरलेल्या नफ्यावर देण्याची सोय आखातात आहे. पण तीतही हप्ता हप्ताच असतो आणि पिस्टनचा खर्च त्यावर वेगळा. हिशेब मांडताना गाडीच्या किमतीबरोबर पहिल्या दोन मोसमांचा खर्च आणि हेल्मेट, बूट, गुडघ्याचे पॅड यांचे पैसे बाजूला ठेवता येत नसतील, तर एक वर्ष थांबावे.

म्हणूनच बहुतेक जण जुनी गाडी शोधतात. मायदेशी परतणारा मनुष्य गाडी काढतो, भाव बरा मिळतो. तासांचे यंत्र मात्र दहा मिनिटांत बदलता येते, त्यावर भिस्त ठेवू नये. विकणाऱ्याला इंजिन गरम करून ठेवू देऊ नका. थंड गाडी स्वतः सुरू करा. एअर बॉक्स उघडून फिल्टरच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. बोटाला वाळू लागली तर पुढे बोलू नका. रेडिएटर वाकलेले आहेत का, मागच्या शॉकच्या सांध्यांत ढिलाई आहे का, एक्झॉस्टचा पाइप किती चेपला आहे, ते पाहा. पिस्टन केव्हा बदलला याची पावती मागा. आणि विकणारे आपण असू तर पिस्टनचे तास खरे सांगावे. ऐब लपवून माल विकू नये हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

ही गाडी सुटीला गावी आणावी, असाही विचार काहींच्या मनात येतो. तो करू नये. सीमाशुल्क, वापरलेल्या वाहनाच्या आयातीचे नियम आणि धुराच्या अटी यांतून टू-स्ट्रोक रस्त्यावर नोंदवून घेणे फार अवघड आहे. केटीएमने नोव्हेंबर 2024 मध्ये भारतात मैदानी गाड्यांची मालिका आणली तेव्हा त्यातही एंड्युरो म्हणून 350 सीसीची फोर-स्ट्रोकच होती आणि तिची किंमत बारा लाखांच्या पुढे. गाडी तिकडेच वापरावी, पावत्या जपून ठेवाव्यात आणि परतीच्या आधीचा थंडीचा मोसम धरून विकावी. उन्हाळ्यात गिऱ्हाईक येत नाही.