मनोरा, पाइपलाइन आणि आपला सातबारा



रब्बीचे पीक उभे असताना एक दिवस चार माणसे बांधावर येतात. हातात मोजणीचे यंत्र, टेप आणि चुन्याची पिशवी. विचारले तर म्हणतात, "सर्व्हे आहे." पुढे खुंट्या रोवल्या जातात आणि गावात बोलवा होतो की अमक्याची जमीन गेली.

जमीन गेलेली नसते. उच्चदाबाची वीजवाहिनी किंवा वायूची नळवाहिनी शेतातून नेताना सहसा जमीन संपादन होत नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचेच राहते. कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. हा फरक न समजल्याने एक जण "गेलीच आहे" म्हणून मिळेल तेवढ्यावर सही करतो, तर दुसरा "माझ्या रानात कोण येतो बघू" म्हणून नोटीसच घेत नाही. दोघांचेही नुकसान होते, आणि माझ्या मते दुसऱ्याचे जास्त, कारण मुदत त्याच्या हातून निघून जाते.

आधी विजेचे पाहू. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 164 खाली सरकार कंपनीला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकते. 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही वीजवाहिन्यांपुरती ही तरतूद राखून ठेवली आहे. असे अधिकार असले की कंपनी तुमच्या संमतीवाचून मनोरा उभारू शकते. मात्र नुकसान शक्य तितके कमी करणे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देणे तिला बंधनकारक आहे. तुम्ही अडवले तर प्रकरण जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. भरपाई अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की तुमच्याकडे कलम 164 चा आदेश आहे काय? असल्यास प्रत द्या.

आता पैशाचे. केंद्रीय वीज मंत्रालयाच्या 14 जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मनोऱ्याच्या चार पायांमधील जागा, तिला प्रत्येक बाजूने एक मीटर वाढवून, जमिनीच्या मूल्याच्या 200 टक्के दराने धरायची आहे. तारांखालच्या पट्ट्यासाठी ग्रामीण भागात 30 टक्के. 2015 च्या सूचनांत हेच आकडे 85 आणि जास्तीत जास्त 15 टक्के असे होते. या सूचना केंद्राच्या आहेत. प्रत्यक्ष रक्कम राज्याच्या शासन निर्णयावर ठरते. तेव्हा तुमच्या वाहिनीला कोणत्या तारखेचा निर्णय लावला आहे, हे प्रांत कार्यालयात लेखी विचारावे.

आपले लोक मनोऱ्याच्या पायाचे भांडण भांडतात आणि पट्टा विसरतात. 220 केव्ही वाहिनीचा पट्टा 35 मीटर रुंद धरतात, 400 केव्हीचा 46 मीटर. 220 केव्हीची वाहिनी तुमच्या रानातून 100 मीटर गेली, तरी 3,500 चौरस मीटर म्हणजे सुमारे साडेचौतीस गुंठे तारांखाली येतात! एक एकराला साडेपाच गुंठेच कमी. तिथे ज्वारी, हरभरा, भाजीपाला घेता येईल. पण घर बांधता येणार नाही आणि नारळ, साग, आंबा अशी उंच वाढणारी झाडे कायमची गेली.

पीक आणि झाडांची भरपाई याहून वेगळी असते, आणि ती पंचनाम्यावर ठरते. पंचनामा यंत्र रानात उतरण्यापूर्वी व्हावा. झाडांची संख्या, वय, ठिबकच्या नळ्या, विहीर, बोअर, बांध सारे त्यात लिहून घ्या. कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या कागदावर सही नको. डाळिंबाची बाग दहा वर्षांची आणि सातबाऱ्यावर मात्र बाजरी, असे प्रकार अजून आढळतात. ई-पीक पाहणी 2021 पासून आपल्याच हाती आली आहे. दर हंगामात ती नोंद करा. वारसनोंदीचेही तसेच. वडील जाऊन वर्षे झाली तरी सातबारा त्यांच्याच नावावर असेल, तर धनादेश कोणाच्या नावे काढायचा यातच काम अडते. आई आणि बहिणींची नावे लावण्याचे काम आधीच उरकलेले बरे.

नळवाहिनीचा कायदा निराळा, 1962 चा. अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांत हरकत घेता येते, नंतर नाही. नुकसानीची भरपाई मिळतेच, त्याशिवाय वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के. विजेच्या 30 टक्क्यांपुढे हे फार थोडे आहे, असे मला वाटते. आणि त्या पट्ट्यावर यापुढे विहीर, तळे, इमारत, झाड काहीही करता येत नाही.

इथे मातीकडे लक्ष ठेवा. चर खणताना वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायला लावा. बुजवताना मुरूम खाली, माती वर. उलट झाले तर त्या पट्ट्यावर कित्येक वर्षे पीक पिवळे दिसेल. पहिल्या पावसाळ्यात चर खचतो आणि त्यात पाणी तुंबते, त्यामुळे "काम पूर्ण, तक्रार नाही" हा दाखला पाऊस पडून गेल्याशिवाय देऊ नये.

शेवटी गावच्या रस्त्याचे. अमेरिकेत 1984 च्या केबल कायद्याने नगरपालिकेला रस्ता वापरणाऱ्या केबल कंपनीच्या ढोबळ उत्पन्नातून 5 टक्क्यांपर्यंत फी घेता येते. आपल्या दूरसंचार कायद्यात गावाला असा वाटा नाही. मोबाइल मनोऱ्यांवर मालमत्ता कर लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये म्हटले होते. पण 2023 च्या कायद्याचे कलम 14, जे 26 जून 2024 पासून अमलात आहे, दूरसंचार जाळे मालमत्ता करासाठी त्या जागेचा भाग धरत नाही. तेव्हा ग्रामपंचायतीने भर द्यावा तो रस्ता पूर्ववत करून घेण्यावर. परवानगीच्या ठरावातच खोली, मुदत, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी फुटल्यास दुरुस्ती कोणाची, आणि खोदण्याआधीचे रस्त्याचे फोटो, हे सारे लिहून घ्यावे.