प्रवासासाठी मोनोपॉड कसा निवडावा: कुंभाराच्या दंडाकडून घेतलेला धडा



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातला कार्यकारणभाव पाहिला. व्याख्यान संपलं आणि एका श्रोत्यांनी बाहेर गाठून विचारलं, "सर, तुम्ही मंडळी कॅमेऱ्याची काठी घेऊन बारवा धुंडाळत फिरता. ती काठी कुठली घ्यावी, ते सांगा की एकदा." आधी आम्हांला हसू आलं. नैयायिकांचं बोलणं कुठं आणि मोनोपॉड कुठं! पण घरी जाताना विचार केला, तेव्हा ध्यानात आलं की हा प्रश्न कार्यकारणभावाचाच आहे. म्हणून आज तोच विषय घेतो.

आम्ही म्हणजे परभणीतले पाच-सहा निवृत्त लोक. सगळे सत्तरीच्या अल्याड-पल्याड. महिन्यातून एक-दोन रविवार आम्ही जिल्ह्यातली जुनी देवळं आणि बारवा पाहायला जातो. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा, सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी, येलदरी धरणाचा परिसर. जमेल तेवढं पाहायचं आणि छायाचित्रं काढून ठेवायची, एवढाच उद्योग.

हा उद्योग गमतीचा वाटतो, पण त्यात एक जबाबदारी आहे. ती आम्हांला एका चुकीतून कळली. एका गावच्या देवळात द्वारशाखेवर फार सुरेख कोरीव काम होतं. मंडपात अंधार, फ्लॅश वापरायचा नाही हे आम्ही ठरवलेलं, आणि हाताला वयानुसार थोडा कंप. घरी येऊन पाहिलं तर एकूणएक चित्र हललेलं. म्हटलं, पुढच्या खेपेला काढू. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या द्वारशाखेवर ऑइलपेंटचा जाड थर चढलेला होता. गावकऱ्यांनी भक्तीनंच लावला होता, त्यांना काय बोलणार? पण ते नक्षीकाम नीट दिसेल असं एकही चित्र आमच्याकडे नव्हतं. त्या दिवशी काठी घ्यायचं ठरलं.

आता दंडाकडे येऊ. घडा तयार व्हायला माती हे समवायी कारण, आणि चाक फिरवायचा दंड हे निमित्त कारण, हे आपण पाहिलं. पण घड्याच्या आधी हजर असणारी प्रत्येक गोष्ट कारण नसते. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेदा'त अशा फुकट हजेरी लावणाऱ्यांना 'अन्यथासिद्ध' म्हटलं आहे, आणि त्यांची उदाहरणं मोठी बहारीची आहेत. दंडाचा रंग कारण नाही. कुंभाराचा बाप कारण नाही. माती वाहून आणणारं गाढवही कारण नाही. दंड पिवळा असो की काळा, चाक फिरतंच. बाप नसता तर कुंभार नसता हे खरं, पण घडा घडवतो तो कुंभार. आणि माती गाढवाऐवजी गाडीतून आली असती तरी घडा झालाच असता.

दुकानात मोनोपॉड घ्यायला गेल्यावर हेच तिघं पुढं येतात बरं का. काठीवरची लाल पट्टी म्हणजे दंडाचा रंग. कंपनीचा जुना लौकिक म्हणजे कुंभाराचा बाप. आणि 'आज घेतली तर पिशवी फुकट' ही सवलत म्हणजे गाढव. काठी घरी आली ती त्याच्या पाठीवरून, पण चित्र स्थिर येण्याशी त्याचा संबंध नाही. या तिघांना बाजूला बसवलं की उरतं ते पाहू.

पहिला प्रश्न असा, की मोनोपॉड नेमकं करतो काय? एका पायाची काठी कॅमेऱ्याचं वर-खाली होणं जवळजवळ थांबवते आणि कॅमेऱ्याचं वजन जमिनीवर उतरवते. मात्र डावी-उजवीकडे झुकणं, पुढं-मागं डुलणं आणि काठीभोवती फिरणं हे सगळं शिल्लक राहतं. ते आपल्या शरीरानं सांभाळायचं असतं.

जुना ठोकताळा असा, की ५० मिलिमीटरच्या लेन्सनं हातात धरून चित्र काढायचं तर शटर १/५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. २०० मिलिमीटरची लेन्स असेल तर १/२००. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर आणखी वेग हवा. काठी असली की साधारण दोन स्टॉपची सवलत मिळते. म्हणजे १/५० च्या जागी १/१२ वर चित्र निभावतं. सराव असेल तर त्याहून थोडं खालीही जाता येतं. पण पाव सेकंदाच्या खाली गेलात तर काठीवर भिस्त ठेवू नका. तिथं तीन पायांचा ट्रायपॉडच हवा, नाहीतर भिंतीला टेकून उभं राहायचं.

मग ट्रायपॉडच का न्यायचा नाही? एक तर वजन. दुसरं, अनेक संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला आधी परवानगी घ्यावी लागते. काठीबद्दलही तिथल्या रखवालदाराला विचारूनच घ्यावं. आणि तिसरं कारण जागेचं. वालूरच्या बारवेत पायऱ्या गोल वळत खाली जातात. गाळानं भरलेली ती बारव गावकऱ्यांनी मेहनतीनं मोकळी केली. तिथं अरुंद पायरीवर तीन पाय पसरायला जागाच नाही. एक पाय मात्र कुठंही टेकतो.

आता निवड करताना मोजायच्या गोष्टी एकेक करून पाहू.

पहिली उंची. आपली उंची १६५ सेंटिमीटर असेल तर डोळे साधारण १५३ सेंटिमीटरवर येतात. कॅमेऱ्याच्या तळापासून डोळा लावायच्या खिडकीपर्यंत ७-८ सेंटिमीटर धरा. म्हणजे सपाट जमिनीवर १४५ ची काठी पुरते. पण आपण जातो त्या जागा सपाट नसतात. काठी खालच्या पायरीवर किंवा उतारावर टेकली की १० ते १५ सेंटिमीटर जास्त लागतात. तेव्हा १५५ ते १६० पर्यंत उघडणारी घ्या. काठी आखूड पडली की माणूस वाकून उभा राहतो, आणि वाकलेला माणूस स्थिर नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मिटल्यावरची लांबी. एस.टी.त, रेल्वेत आणि पाठीवरच्या पिशवीत मावायचं तर ४५ ते ५० सेंटिमीटर बरं. त्यासाठी काठीला चार-पाच नळ्या लागतात. पण इथं एक देवघेव आहे. नळ्या जितक्या जास्त, तितकी सगळ्यांत खालची नळी बारीक, आणि तितकी काठी लवचिक. उघडायलाही वेळ लागतो. फार चिमुकली मिटणारी काठी दुकानात गोड दिसते. वाऱ्यात येलदरीच्या काठावर उभी केली की थरथरते. आमच्या मते चार नळ्या हा मध्यममार्ग, फार तर पाच.

तिसरं वजन. चालायच्या प्रवासाला अर्ध्या किलोच्या आसपासची काठी चांगली. कार्बन फायबरची काठी अॅल्युमिनियमपेक्षा साधारण शे-दोनशे ग्रॅमनं हलकी आणि बरीच महाग. आमच्या परभणीच्या उन्हात तिचा आणखी एक फायदा आहे. वैशाखात अॅल्युमिनियमची नळी तव्यासारखी तापते, कार्बनची तितकी चटका देत नाही. पण दगडावर जोरात आपटली तर अॅल्युमिनियमला पोचा पडतो आणि कार्बन तडकू शकतो. पैसे बेताचे असतील तर अॅल्युमिनियमची घ्या आणि पकडीच्या जागी फोमचं आवरण आहे ना, ते पाहा. शे-दीडशे ग्रॅम वाचवायचे असतील तर पिशवीतली न लागणारी लेन्स घरी ठेवा. ते फुकटात होतं.

चौथं लॉक. हे सगळ्यांत महत्त्वाचं. काही काठ्यांना पिळायचं लॉक असतं, काहींना खटक्याचं. पिळाचं सुटसुटीत असतं, पण आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ आत गेली की करकरतं. त्यामुळे ते उघडून पुसता येतं का, हे विचारून घ्या. खटक्याचं लॉक लागलं की नाही ते डोळ्यांना दिसतं. कालांतरानं ते ढिलं पडतं, तेव्हा त्याचा स्क्रू आवळता आला पाहिजे.

लॉकबद्दल इतकं बोलतो त्याला कारण आहे. एका बारवेत उतरताना आमच्यातल्या एकानं, म्हणजे खरं सांगायचं तर आम्हीच, मोनोपॉडचा आधार घेऊन पाऊल खाली टाकलं. खालची नळी सर्रकन आत गेली. दोन पायऱ्या घसरलो, कोपर सोलवटलं. खाली पाणी होतं. सोबत्यानं दंड धरला म्हणून वाचलो. तेव्हा नीट ऐका: मोनोपॉड ही चालायची काठी नाही. तो कॅमेऱ्याचं दोन-चार किलो वजन पेलायला केलेला असतो, घसरणाऱ्या माणसाचं नाही. माणसाचा भार सांगून केलेली चालायची काठी वेगळी मिळते. काहींच्या मुठीखाली कॅमेऱ्याचा स्क्रूही असतो. हलका कॅमेरा आणि दुखरे गुडघे असतील तर ही दोन कामांची काठी बरी. मात्र ती बहुधा १३०-१३५ सेंटिमीटरपर्यंतच उघडते, त्यामुळे डोळा लावण्याऐवजी मागच्या पडद्यावर पाहून चित्र काढावं लागतं.

पाचवं टोक. दगडी फरशीवर रबराचं टोक लावा. लोखंडी अणकुचीदार टोक देवळात उघडं ठेवू नका, शेकडो वर्षांच्या दगडावर ओरखडा उठतो. आणि पावसाळ्यानंतरच्या काळ्या रानात तर अणी खोल रुतत जाते. तिथं रुंद रबरच बरं.

सहावी गोष्ट म्हणजे वरचं डोकं. साध्या लेन्सला काठी थेट कॅमेऱ्याच्या तळाला पिळली तरी चालतं. तिथला स्क्रू बहुधा पाव इंचाचा असतो. मोठ्या डोक्यांना ३/८ इंचाचा लागतो, म्हणून जोडणी पाहून घ्या. उभं चित्र घ्यायचं किंवा वर पाहायचं तर एका दिशेनं कलणारं छोटं डोकं पुरेसं आहे. सगळीकडं फिरणारा मोठा बॉलहेड काठीवर लावला की कॅमेरा भलतीकडेच लवंडतो. छताच्या नक्षीसाठी तर काठीचा उपयोगच नाही. तिथं मोबाइल पाठीवर झोपवून जमिनीवर ठेवावा आणि दहा सेकंदांचा टायमर लावावा.

दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. काठी पूर्ण उघडा, लॉक लावा, जमिनीवर टेकवा आणि दोन्ही हातांनी हळूहळू दाबा. किंचितही आत सरकली तर ठेवून द्या. मग दहा वेळा उघडा-मिटा. तळहाताला घाम असतानाही लॉक आवळता यायला हवं. आपल्याकडे घाम असतोच.

वापरायची रीत एवढीच. काठी दोन्ही पायांच्या थोडी पुढं टेकवा, पाय फाकवा, किंचित पुढं झुका. आपले दोन पाय आणि काठीचा एक, असा ट्रायपॉड झाला. डावा हात कॅमेऱ्याजवळ ठेवून खाली हलका दाब द्या. श्वास सोडा आणि सलग तीन चित्रं घ्या. तिन्हींतलं मधलं बहुधा स्वच्छ निघतं. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढू नका, पाण्याजवळ तर मुळीच नाही. आणि जागा बदलताना डोळा कॅमेऱ्यातून आधी काढा, पाऊल नंतर उचला.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे: "हल्लीच्या कॅमेऱ्यात कंप रोखायची सोय असते. मग काठी कशाला?"

रास्त प्रश्न आहे. दिवसाउजेडी साध्या लेन्सनं किंवा मोबाइलनं चित्रं काढणार असाल तर काठी घेऊच नका. असं सांगणारा दुकानदार भेटणार नाही, म्हणून आम्ही सांगतो. पण येलदरीला पक्ष्यांसाठी मोठी लेन्स घेऊन तासभर उभं राहायचं असेल, तर कंप रोखणारी सोय खांद्यावरचं वजन उतरवत नाही. आणि आमच्यासारखे हात असतील तर अंधाऱ्या मंडपात दोन्ही हवेत. काठीवर असताना ती सोय सुरूच ठेवा.

दुसरी चिठ्ठी: "तुम्ही कुठल्या कंपनीची वापरता?"

आता पाहा, कुंभाराचा बाप आलाच! कंपनी सांगणार नाही. चार नळ्यांची आहे, १५५ पर्यंत उघडते, खटक्याचं लॉक आहे आणि रंग उडालेला आहे. त्या देवळाच्या दुसऱ्या बाजूची द्वारशाखा अजून रंगाविना आहे. येत्या रविवारी आम्ही तिकडेच निघालोय. ज्यांना यायचं असेल त्यांनी सकाळी सातला या. पाणी आणि टोपी घेऊन या. काठी नसली तरी चालेल.