मगरिबचा देश मोरोक्को: दौलताबादचा पाहुणा, शेतातलं खत आणि दुष्काळाचा धडा

आपण रोज मगरिबची नमाज अदा करतो. मगरिब म्हणजे सूर्य मावळतो ती वेळ आणि ती दिशा, म्हणजेच पश्चिम. याच नावाचा एक देशही आहे. जग ज्याला मोरोक्को म्हणतं, त्याला तिथले लोक 'अल-मगरिब' म्हणतात. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) पासून हा देश हजारो किलोमीटर दूर आहे, तरी आपलं त्याच्याशी नातं आहे.

देश आणि लोक

आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात मोरोक्को आहे. उत्तरेला भूमध्य समुद्र, पश्चिमेला अटलांटिक महासागर. समोरचा स्पेन सर्वांत जवळच्या ठिकाणी फक्त १४ किलोमीटरवर. देशाच्या मधोमध ॲटलस पर्वत असून त्याचं तूबकाल हे शिखर ४,१६७ मीटर उंच आहे. पर्वताच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊस पडतो, पलीकडे वाळवंट लागतं. सह्याद्री ढग अडवतो, कोकण भिजतं आणि मराठवाडा कोरडा राहतो, तसंच काहीसं.

२०२४ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ३ कोटी ६८ लाख आहे. जवळपास सगळेच सुन्नी मुस्लिम. आपल्याकडे बहुतेक जण हनफी, कोकणात शाफई, तसे तिथले लोक मालिकी फिक्ह मानतात. अरबीबरोबर अमाझिग (बर्बर) लोकांच्या भाषेलाही २०११ च्या राज्यघटनेने राजभाषेचा दर्जा दिला. १९५६ पर्यंत फ्रेंचांची सत्ता होती, त्यामुळे फ्रेंच भाषा आजही चालते. फेज शहरातली अल-करवियीन मशीद फातिमा अल-फिहरी या महिलेने इ.स. ८५९ मध्ये उभारली, असं परंपरेने सांगितलं जातं. पुढे तीच जगप्रसिद्ध विद्यापीठ झाली.

दौलताबादचा पाहुणा

तंजा (टँजियर) शहरात १३०४ मध्ये जन्मलेला इब्न बतूता हजसाठी घरातून निघाला आणि फिरत फिरत हिंदुस्थानात पोहोचला. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी नेमलं. पुढे सुलतानाचा दूत म्हणून चीनकडे जाताना तो दौलताबादला आला, तिथून नंदुरबारमार्गे खंबायतला गेला. देवगिरीचा किल्ला, मराठा लोक, वर्षातून दोनदा येणारी द्राक्षं आणि डाळिंबं, हे सगळं त्याने आपल्या प्रवासवर्णनात सांगितलं आहे.

कमाई कशावर?

शेती, मासेमारी, पर्यटन, मोटारींचे कारखाने आणि परदेशी कमावणाऱ्यांचा पैसा यांवर देश चालतो. पण सर्वांत मोठी दौलत जमिनीखाली आहे. वादग्रस्त पश्चिम सहारा धरून जगातल्या फॉस्फेट खडकाचा सुमारे ७० टक्के साठा इथे असल्याचं मानलं जातं. डीएपी खत याच खडकापासून बनतं. भारतात हा खडक पुरेसा नाही, त्यामुळे खडक, फॉस्फोरिक ॲसिड आणि तयार खत बाहेरून आणावं लागतं. मोरोक्को त्यातला मोठा पुरवठादार आहे. तिथली सरकारी कंपनी ओसीपी ही पारादीप फॉस्फेट्समध्ये भागीदार आहे आणि गोव्यातल्या झुआरीनगरचा खत कारखाना २०२२ पासून याच पारादीपकडे आहे. म्हणून जगात फॉस्फेट महागलं की सरकारचा अनुदानाचा बोजा वाढतो, माल कमी पडतो आणि ऐन पेरणीत आपला कापूस-सोयाबीनवाला शेतकरी कृषी सेवा केंद्रासमोर रांगेत उभा राहतो.

दुसऱ्याला खत, स्वतःला पाणी नाही

या देशाने सलग अनेक वर्षं दुष्काळ सोसला. चारा महागला, कळप घटले. २०१६ च्या गणनेच्या तुलनेत जनावरं ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचं सरकारने सांगितलं. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये राजे मोहम्मद सहावे यांनी जनतेला त्या वर्षी बकरी ईदची कुर्बानी न करण्याचं आवाहन केलं आणि सर्वांच्या वतीने स्वतः कुर्बानी केली. त्यांचे वडील हसन दुसरे यांनीही १९९६ च्या दुष्काळात असंच केलं होतं. ऐपत नसलेल्या घरांवर ओझं पडू नये, हा त्यामागचा एक विचार होता.

टरबूज, ॲव्होकॅडो अशा जास्त पाणी पिणाऱ्या पिकांचं अनुदान सरकारने आखडतं घेतलं. समुद्राचं पाणी गोडं करण्याचे प्रकल्पही सुरू आहेत. मराठवाड्याला समुद्र नाही. पण कोणतं पीक किती पाणी पितं, हा हिशेब आपणही करू शकतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ऊस किती लावायचा, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचाही आहे.