तान उकलून ऐकताना

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला लागूनच पलूस तालुका. विष्णु दिगंबर यांचं ‘पलुसकर’ हे आडनाव या पलूसचंच, आणि त्याच तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. विष्णु दिगंबरांनी गाणं कागदावर उतरवायला स्वतःची स्वरलिपी घडवली. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ती विद्यार्थ्यांच्या हाती दिली. बालगंधर्वांचं गाणं मात्र कुठल्याही स्वरलिपीत पुरतं मावत नाही. रेकॉर्डवरून गाणं बसवणारा प्रत्येक जण या दोघांच्या मधे कुठेतरी उभा असतो.

नाट्यपद पेटीवर काढायला बसलं की मुखडा लवकर सापडतो. अडतं ते तानेपाशी. द्रुत तीनतालाची लय मिनिटाला २४० मात्रांची धरली, तर सेकंदाला चार मात्रा झाल्या. त्यावर दुगुनीची तान म्हणजे सेकंदाला आठ स्वर. एकेक स्वर सेकंदाचा आठवा हिस्सा. तयार कान हे पकडतो. शिकणाऱ्याचा कान पहिला आणि शेवटचा स्वर धरतो आणि मधलं अंदाजाने भरतो. तान चुकते ती त्या अंदाजात.

म्हणून वेग कमी करायचा. ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर ७८, ४५ आणि ३३⅓ यांच्या जोडीला बऱ्याचदा १६⅔ फेऱ्यांचाही वेग असे. ३३⅓ची मोठी तबकडी त्यावर लावली की गाणं बरोबर निम्म्या वेगाने चाले. जॅझ शिकणाऱ्या परदेशी वादकांनी याचा भरपूर उपयोग करून घेतला. वेग निम्मा झाला की कंपनंही निम्मी होतात, म्हणून गाणं नेमकं एक सप्तक खाली उतरतं. सा सा-च राहतो, फक्त खर्जात जातो. पण ४५ची तबकडी ३३⅓वर लावली, तर गायकाचा सा जवळजवळ मंद्र पंचमावर जाऊन बसतो आणि पेटीवरची सगळी बोटं बदलावी लागतात.

ही अडचण संगणकाने सोडवली. आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश लांबीचे तुकडे करायचे आणि ते एकमेकांवर थोडे चढवून जास्त जागेत पसरायचे. गाणं लांबतं, पट्टी हलत नाही. याच कामाची दुसरी एक रीत, आवाजातली कंपनं वेगवेगळी मोजून पुन्हा जुळवण्याची, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ साली मांडली. आज यूट्यूबवर वेग पाऊणपट करायचं बटण खेड्यातल्या मुलाच्याही खिशात आहे. ऑडॅसिटीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर तर हव्या त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाजवून देतं.

माझ्या मते पाऊणपट वेग बहुतेक वेळा पुरतो. निम्म्याच्या खाली गेलं की तबल्याचा बोल फाटतो, आवाज गढूळ होतो आणि नसलेले स्वर ऐकू यायला लागतात. आणखी एक धोका याहून मोठा आहे. मुरकी हा गळ्याचा एकच झटका असतो. तो ताणला की चार-पाच सुटे स्वर दिसतात, आपण ते इमानाने लिहून घेतो, आणि मग ते सगळे स्वर ठाशीव वाजवतो. असं काढलेलं नोटेशन अक्षराला अचूक आणि गाण्याला खोटं असतं. भास्करबुवा बखल्यांनी चाली दिलेल्या ‘स्वयंवर’मधल्या पदांचं या तऱ्हेने वाजवलेलं रूप ऐकलं की वाईट वाटतं. संथ वेग फक्त स्वर ओळखण्यासाठी वापरावा. वजन, लगाव आणि समेवर येण्याची ऐट मूळ वेगातच ऐकावी. एकेक ओळ संथ ऐकून लगेच मूळ वेगात गाऊन पाहिली, की लिहिलेल्यातलं काय खोडायचं ते कळतं.

जुन्या रेकॉर्डच्या बाबतीत पट्टीवरही आंधळा विश्वास नको. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सगळीकडे नेमका ७८ नव्हता. त्यामुळे इंटरनेटवर चढवलेलं एखादं पद काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच लोंबकळताना सापडतं. गाणाऱ्याला बेसूर ठरवण्याआधी पट्टी थोडी वरखाली करून सा पेटीशी जुळवून घ्यावा.

पट्टीचा हा घोळ आपल्या गावच्या गाण्यांच्या बाबतीत होऊ न देणं मात्र आपल्या हातात आहे. कडेगावच्या मोहरमात उंच ताबुतांच्या भेटी बघायला लोटणारी गर्दी मोबाइलवर ताबूत टिपते. आपापल्या गावातल्या मोहरमची, भजनाची, जात्यावरची गाणी मात्र ज्यांच्या गळ्यात आहेत त्यांच्याकडे निवांत वेळी बसून घ्यायला हवीत. मोबाइल हलगी-ताशापासून लांब आणि गाणाऱ्याच्या जवळ ठेवावा. गाणं सुरू होण्याआधी दहा सेकंद पेटीचा सा वाजवून तोही मुद्रित करावा आणि पट्टी तोंडाने सांगावी. पुढे कुणी ते गाणं संथ करून उतरवायला बसेल, तेव्हा त्याला सा शोधत बसावं लागणार नाही.